दोन टाईमांच्या मधला तास

१

लढाईसाठी सरकारनं काय काय नेलं याबद्दल माझी तक्रार नाही. रॉकेल नेलं, आम्ही लवकर जेवायला लागलो. साखर नेली, आम्ही गुळाचा चहा प्यालो. सांगलीत गुळाला काय तोटा? पण एका मंगळवारी सरकारनं सगळ्या हिंदुस्थानची घड्याळं एक तास पुढं करायला लावली, आणि मी हादरलो. माणसाचा अख्खा तास असा परस्पर उचलून नेता येतो? त्याला न विचारता? तो झोपलेला असताना?

त्या दिवसापासून गावात दोन टाईम झाले. कचेरी, पोस्ट, स्टेशन नव्या टाईमानं. म्हशी, देव, भूक आणि पाहुणे जुन्या टाईमानं. कुणी "पाच वाजता या" म्हटलं, की "कुठल्या टाईमानं?" हे विचारल्याशिवाय शहाणा माणूस जागचा हलत नसे. लग्नाच्या पत्रिकेवर मुहूर्ताच्या पुढं कंसात 'नवा टाईम' छापत, आणि तरी निम्मं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर येई आणि मांडवात उभं राहून सरकारला शिव्या देई.

घरातलं भिंतीवरचं घड्याळ पुढं करायला मी स्टुलावर चढलो. खाली खाटेवर साळूआत्या बसली होती. साळूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिची दृष्टी जवळजवळ गेलेली आहे, पण घड्याळाची किल्ली फिरवण्याआधी माणूस जो श्वास घेतो तो तिला ऐकू येतो.

"मान्या, काय करतूस रं वर?"

"घड्याळ पुढं करतोय, आत्या. सरकारी हुकूम आहे."

"आन सूर्व्या? त्यो बी सरकनार हाय का फुडं?"

"नाही."

"मग उतर खाली."

लीला, म्हणजे माझी बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. "ऱ्हाऊ द्या की, आवं. गवळी जुन्या टाईमानं येतो, आत्याबाईंचं देवाचं जुन्या टाईमानं. तुमी येकट्यानं तेवढं नव्यानं जावा-या."

अशी मतं पडली. दोन विरुद्ध एक. मी उतरलो. भिंतीवर जुना टाईम राहिला आणि माझ्या खिशातल्या घड्याळात नवा. या एका तासाच्या फटीत मी पुढं कसा पडलो, ते सांगतो.

२

कचेरी कोणती ते सांगत नाही. ती अजून आहे आणि मीही तिच्यात आहे. ती पाचला सुटते. नव्या टाईमाच्या पाचला बाहेर आलो तर ऊन चांगलंच वर. घरच्या भिंतीवर आत्ता फक्त चार वाजलेत, हे एकदम ध्यानात आलं आणि मी पायरीवरच उभा राहिलो. चार! म्हणजे सरकारनं सकाळी नेलेला तास संध्याकाळी इथं ठेवलाय की! कचेरीच्या पायरीवर, बेवारशी. त्यावर कुणाचं नाव नाही.

मी तो उचलला. नदीकडं गेलो. पुलाच्या खालच्या अंगाला एक चपटा दगड आहे, त्यावर बसलो. बसून उठलो. घरी आलो तेव्हा भिंतीवर साडेपाच वाजले होते, रोजच्याप्रमाणे.

लीलानं भाकरी थापता थापता विचारलं, "सकाळी तासभर लौकर गेला, मग यायला बी तासभर लौकर पायजे हुतं न्हवं?"

आता लोक म्हणतील, इथं मी खोटं बोललो. तसं नाही. खोटं बोलायचं ठरवण्याआधीच ते माझ्या तोंडून निघून गेलं होतं, नव्या टाईमानं. मी म्हणालो,

"कचेरी नव्या टाईमानं उघडते आणि जुन्या टाईमानं मिटते."

भाकरीवरचा हात थांबला. एवढ्या उघड्यानागड्या मूर्खपणावर कोण विश्वास ठेवील? पण खाटेवरून साळूआत्या म्हणाली, "आसंलच. सरकार ते. घेताना पायली मोठी, देताना बारकी."

आणि लीला नुसती "बाई बाई!" म्हणाली. मला सर्वांत मोठा धक्का बसला तो हा. माझ्या खोटेपणाचा नव्हे, तर सरकारची पत इतकी खाली गेली होती की त्याच्या नावावर काहीही खपत होतं, याचा. नागरिक म्हणून मला वाईट वाटलं. तास मात्र ठेवून घेतला.

३

(या भागात काही घडत नाही. मुद्दामच. घाई असेल त्यानं पुढच्या भागात जावं. मला नव्हती.)

दगड.

पाणी.

पलीकडच्या काठावर एक बाई गोधडी धुते.

गोधडी धुते.

अजून धुते.

एक बगळा आहे, तोही माझ्यासारखाच. पण त्याला मासा तरी पाहिजे. मला तेही नको.

हे ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी खुलासा. आमचं घराणं साताऱ्याकडचं. पुरुष एकतर उसात नाहीतर पलटणीत. आमच्याकडं रिकामा बसलेला माणूस म्हणजे आजारी किंवा वारलेला. तिसरा प्रकार कुणी पाहिलेला नाही. सकाळी उठल्यापासून माझ्या प्रत्येक मिनिटावर कुणाचा ना कुणाचा शिक्का असतो: साहेबाचा, आत्याचा, चुलत्याचा, रॉकेलच्या रांगेचा. या एका तासात मी कुणाचा कुणीही नव्हतो. कारकून नव्हतो, पुतण्या नव्हतो, नवराही नव्हतो. दगडावर ठेवलेला एक दगड होतो.

गोधडी धुऊन झाली.

४

हंबीरराव आमच्या शेजारी राहतात. पहिल्या लढाईत बसऱ्याला होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी ते काठी आपटत घाट उतरले आणि माझ्यापुढं उभे राहिले.

"मानसिंगराव, हितं काय?"

"बसलोय."

"कशापायी?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. मी बरीच वर्षं विचार केलाय. "बसलोय" याला "कशापायी" हा प्रश्न लागूच पडत नाही. पण मिशांना पीळ दिलेला माणूस वर उभा असला की तत्त्वज्ञान सुचत नाही. मी म्हणालो, "बघतोय."

"काय?"

समोर होता तो पूल. मी म्हणालो, "पूल."

दिवस कोणते होते ते आठवा. बेचाळीसचा पावसाळा नुकताच संपत आला होता. शेजारच्या सातारा जिल्ह्यात तारा तुटत होत्या, स्टेशनं जळत होती. हंबीररावांनी एकदा पुलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, एकदा मागं कुणी आहे का ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"समजलं. बोलू नगा. पूल राखायची ड्यूटी. सायबानं दिली?"

"तसं काही..."

"बोलू नगा म्हणलं न्हवं! शिक्रेट ते शिक्रेट."

दुसऱ्या दिवशी मी आलो तर ते आधीच हजर. पायाला पट्ट्या, खाकी कोट, काठी खांद्यावर. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा दगड हलवला. म्हणे तिथून पुलाचा तिसरा खांब दिसत नाही. चौथ्या दिवशी मला नुसतं बसायची मनाई झाली, कारण बसलेला पहारेकरी म्हणजे झोपलेला पहारेकरी. मग मी उभा राहून काही न करण्याचा प्रयत्न केला. ते जमत नाही. कुणी करून बघावं.

पुढं तर असं झालं, की साहेबानं पाचला बोलावून घेतलं आणि मला पोचायला जरा उशीर झाला, तर हंबीरराव पुलाखालून ओरडले, "गड्या, कचेरी पाचाला सुटतीया नव्या टाईमानं! वाटंत कुठं टंगळमंगळ?" कचेरीत मला कधी कुणी उशिराबद्दल बोललेलं नव्हतं. माझ्या स्वातंत्र्यात मात्र मला रोज शेरा मिळू लागला.

५

इकडं कचेरीत दुसरंच. माझ्या शेजारच्या टेबलावर आकाराम बसतो. तो राहतो आमच्याच गल्लीत. त्याची बायको रंगुबाई त्याला म्हणाली, "मानसिंगभावजींची कचेरी जुन्या टाईमानं मिटती आन तुमची नव्या? येकच कचेरी न्हवं का?" दुसऱ्या कुणी माझं बिंग तिथंच फोडलं असतं. आकाराम सकाळी माझ्याजवळ आला, मला मिठी मारली आणि म्हणाला,

"मान्या, गड्या, हे डोस्कं तू हितं फायलीत कुजवत बसलाईस!"

त्या दिवसापासून तो पाच ते सहा हॉटेलात पत्ते खेळू लागला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. दिवाळी येईतो अख्खी कचेरी नव्या टाईमानं उघडून जुन्या टाईमानं मिटत होती. निदान ज्यांचं लग्न झालं होतं त्यांची. मी घाबरून आकारामला म्हणालो, "अरे, एवढ्या लोकांनी केलं तर तास दिसायला लागेल." तो म्हणाला, "दिसू दे की. लढाई चाललीया."

६

आता या गोष्टीतलं खरं सांगतो. मागचं सगळं तोंडी लावणं होतं.

लीलाचं माहेर मेढ्याचं. तिकडं ती पाचवीपर्यंत शिकली आणि मग लग्न झालं, म्हणजे माझ्याशी. एका रविवारी तिनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि उभीच राहिली. बायको चहा ठेवून उभी राहिली की माणसानं आधी कप खाली ठेवावा.

"चंदनबालाताई बायकांला शिकवायला लागल्यात," ती म्हणाली. "त्यांच्या सोप्यात. फायनलला बसवनार हाईत. सातवी झाले की मला मास्तरीन व्हता येईल."

"मग बस की!" मी म्हणालो. मी सुधारकच आहे. "कधी असतो वर्ग?"

"साडेचार ते साडेपाच. जुन्या टाईमानं."

कप हातातच होता. तो मी आता खाली ठेवला.

"जरा उशिरा नाही घेता येणार त्यांना? सहाला वगैरे?"

"कसं घेत्याल? जैनांचं घर. दिवस मावळायच्या आत त्यांचं मालक वर्धमानशेट जेवत्यात. साडेपाचाला बायकांला उठवून त्या पाटपाणी घेत्यात. आन दुपारी त्यांची सासू सोप्यात निजती. मला तेवढा येकच तास सापडतोय, आवं. पन आत्याबाईंला येकटं टाकून कसं जाऊ? परवा माझी पाठ वळली तर इस्तवात हात घालत हुत्या. तुमी साडेचाराला घरी असता तर परश्न न्हवता. पन तुमची कचेरी अशी मेली..."

तोच तास! सबंध दिवसात चोवीस पडलेत, आणि तिला नेमका तोच हवा! मला इतका धक्का बसला की मी म्हणालो, "सरकारपुढं कुणाचं चालतंय?" आणि हे वाक्य मी इतक्या खऱ्या दुःखानं म्हणालो की लीलानंच माझी समजूत घातली.

रात्रभर वगैरे मी तळमळलो नाही. मला झोप चांगली लागते. पण सकाळी ठरवलं, तास परत द्यायचा. सोपं आहे: कचेरीचा हुकूम बदलला म्हणून सांगायचं आणि साडेचारला घरी यायचं. संध्याकाळी मी पुलाखाली गेलो आणि हंबीररावांना म्हणालो, "उद्यापासून मला येता येणार नाही."

त्यांनी काठी खाली टेकवली. "का?"

"घरी काम आहे."

"घरी!" त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी जपान्यांना पुलाच्या किल्ल्या दिल्या. "मानसिंगराव, बसऱ्याला माझ्या म्होरं येक शिपाई म्हणला, घरी काम हाय. त्याला काय केलं सांगू?"

"नको."

"मग हुबं ऱ्हावा. तिसऱ्या खांबाकडं त्वांड करून."

मी उभा राहिलो. आपल्याच मोकळ्या वेळातून रजा न मिळालेला मी सांगली संस्थानातला पहिला माणूस असेन. म्हटलं, आणखी आठवडाभरात काहीतरी युक्ती काढू. आठवड्याचे दोन झाले. लीला रोज वर्गाची वेळ झाली की दारात उभी राहून चंदनबालाताईंच्या घराकडं जाणाऱ्या बायका बघे. हे मला ठाऊक नव्हतं. साळूआत्यानं सांगितलं, तिला पावलांवरून कळत होतं, की लीला उंबऱ्यापर्यंत जाते आणि थांबते.

आणि एक दिवस लीला उंबऱ्यावर थांबली नाही. वर्गाच्या वेळेची वाट न बघता, आत्याजवळ शेजारीण बसवून, ती दुपारीच बाहेर पडली.

७

(स्थळ: साहेबांची खोली. साहेब खुर्चीत. मी शेजारी फायली घेऊन उभा. बाहेर बांगड्यांचा आवाज. शिपाई आत येतो.)

शिपाई: साहेब, बायका आल्यात.

साहेब: कुणाच्या?

शिपाई: (माझ्याकडं बघून) समद्यांच्या.

(लीला, रंगुबाई आणि मागं सातआठ जणी आत येतात. सर्वांत मागं, साहेबलोकांशी बोलायची सवय असलेला माणूस असावा म्हणून आणलेले हंबीरराव. ते सलाम ठोकतात. माझ्या हातातली वरची फाईल पडते.)

लीला: साहेब, कचेरी उघडायची नव्या टाईमानं आन मिटायची जुन्या टाईमानं, ह्यो कुठला न्याय?

साहेब: (चष्मा काढून) काय म्हणालात?

रंगुबाई: मानसं हाईत का बैलं? बैलाला बी कुनी येका टाईमानं जुपून दुसऱ्या टाईमानं सोडत न्हाई!

साहेब: पण बाई, कचेरी पाचला सुटते.

लीला: व्हय. जुन्या टाईमाच्या पाचाला. आमी काय घड्याळ बघत न्हाई व्हय?

साहेब: नव्या. नव्या टाईमाच्या पाचला.

(दुसरी फाईल पडते.)

लीला: साहेब, तुमी मोठी मानसं. तुमाला ठावं नसंल. खालचं लोक तासभर ज्यास्ती राबवून घेत असत्याल. आमचं मालक तर रोज...

हंबीरराव: (पुढं होऊन) थांबा वहिनी. मालकांवर बालंट नगं. साहेब, मी साक्ष देतो. मानसिंगराव पाचाच्या ठोक्याला, नव्या टाईमानं, कचेरी सोडत्यात, आन सरळ पुलाखाली ड्यूटीवर हजर. येक दिस खाडा न्हाई!

साहेब: कसली ड्यूटी?

हंबीरराव: पूल राखायची. तुमीच दिल्याली. शिक्रेट.

साहेब: मी?

(राहिलेल्या सगळ्या फायली पडतात.)

हे नाटक मला पुढं लिहिता येत नाही, कारण पुढं त्या खोलीत कुणी बोललंच नाही. सगळ्या बायका आधी माझ्याकडं वळल्या. मग काचेच्या दारातून पलीकडं दिसणाऱ्या आपापल्या नवऱ्यांकडं वळल्या. पलीकडं आकाराम टेबलाखाली काहीतरी शोधू लागला होता, आणि पाहता पाहता सगळी कचेरीच टेबलांखाली काहीतरी शोधू लागली.

शेवटी साहेबांनी विचारलं, "पुलाखाली तुम्ही काय करत होता?"

"बसत होतो."

"आणि?"

"काही नाही, साहेब."

"बैठक? पत्रकं? कुणाला निरोप?"

"नाही. नुसता."

मी पूल उडवणार होतो असं सांगितलं असतं तर साहेबांना मला कोणत्या खान्यात टाकायचं ते कळलं असतं. आता ते माझ्याकडं असे बघत होते की हा माणूस आपण इतकी वर्षं खोलीत येऊ कसा दिला! मग त्यांना खाना सापडला. त्यांचा आवाज चढला. "सरकार जुन्या टाईमानं कचेरी मिटवतं, ही बातमी गावात तुम्ही पसरवली? लढाईच्या दिवसांत सरकारबद्दल खोटी अफवा? मानसिंगराव, यात नोकरी तर जातेच, वर..."

"अफवा न्हाई, साहेब," लीला म्हणाली.

ती माझ्याकडं बघत नव्हती. जमिनीवरच्या फायलींकडं बघत होती.

"आमच्या घरचं घड्याळ मागं हाय. ह्यांनी फुडं करायला घेतलं हुतं, मी करू दिलं न्हाई. मीच हिशोबात चुकले. मीच ह्यांला घेऊन आले," असं म्हणून तिनं मागच्या बायकांकडं हात केला.

मग रंगुबाई म्हणाली, "आमचं बी मागंच हाय." आणि मागून एकेक आवाज: "आमचं बी." "आमचं तर बंदच हाय." साहेबांनी चष्मा लावला, पुन्हा काढला, आणि सगळ्यांना घरी जाऊन आपापली घड्याळं नीट लावायचा हुकूम दिला.

अशा रीतीनं माझी नोकरी वाचली. माझी अब्रू मात्र त्या खोलीत फायलींबरोबर खाली राहिली, आणि ती गोळा करायला शिपायाशिवाय कुणी वाकलं नाही.

८

घरी येताना लीला पुढं, मी मागं. गल्लीतल्या लोकांना हा क्रम फार आवडला. घराच्या दारात आल्यावर ती वळली.

"रोज?"

"रोज."

"येकटं?"

"हंबीरराव यायच्या आधी एकटा."

"आन काय करत हुता?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही, लीला."

मी भांडणाची तयारी करून ठेवली होती. दोनचार उत्तरं वाटेतच घासूनपुसून आणली होती. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. तिथं नुसता धक्का होता, आणि तो माझ्या धक्क्याहून मोठा होता.

"पत्तं खेळला असता तर समजलं असतं," ती म्हणाली. "तमाशाला गेला असता तरी समजलं असतं. रडले असते, भांडले असते. पन काहीच न्हाई म्हंजे कसं असतं? मी आठवून बघतेय वाटभर. तापानं फणफणले हुते तवा बी तांदूळ निवडत हुते मी."

तयार उत्तरांतलं एकही बसत नव्हतं.

"उद्यापासनं साडेचाराला या," ती म्हणाली आणि आत गेली.

९

मी आलो. हंबीररावांना आता पहारा नसल्याचं कळलं होतं, पण त्यांनी तो सोडला नाही; हुकूम कुणी दिला नव्हता, तेव्हा परत घेणारंही कुणी नाही, असं त्यांचं म्हणणं. लीला पाटी आणि पुस्तक घेऊन जाई आणि मी आत्याजवळ बसे.

'आत्याजवळ बसणं' हा शब्दप्रयोग कुणी काढला त्याला माझ्यासमोर आणा. त्यात बसणं अजिबात नाही. सुईत दोरा ओवायचा. दोरा सुटला की पुन्हा ओवायचा. मांजर कुठल्या अंगाला आहे ते सांगायचं. आत्या चुलीकडं निघाली की आडवं व्हायचं, आणि आपण आडवे झालो हे तिला कळू द्यायचं नाही, नाहीतर ती मुद्दाम जाते. भिंतीवरचं घड्याळ एवढं हळू चालतं हे मला ठाऊक नव्हतं. किल्ली दिलीय का ते मी दोनदा स्टुलावर चढून पाहिलं.

"तुझ्या पायाला वाळूचा वास यायचा," आत्या एकदा मध्येच म्हणाली. "पैल्या दिसापासनं. नदीच्या."

"मग बोलली नाहीस कधी?"

"कुनी इचारलं मला? माझं डोळं गेल्यात. म्हून मान बी गेला व्हय? न इचारता कशाला सांगू?"

पण आठवडाभरात माझी अब्रू हळूहळू सावरू लागली. गल्लीत बोलणं सुरू झालं, की मानसिंगराव बायकोला शिकवतोय. स्वतः घरी बसतोय. रंगुबाईनं आकारामला माझा दाखला दिला, आणि आकारामनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी चारचौघांत नम्र चेहरा कसा ठेवावा त्याचा सराव केला. वेळेचा सदुपयोग या विषयावर मला बोलावलं असतं तर मी तासभर बोललो असतो. मोकळीक मोठी की कर्तव्य? कर्तव्य! मी मांजराला हे सांगतच होतो, तेवढ्यात दारात चंदनबालाताई उभ्या राहिल्या.

त्या कधी येत नसत. त्यातून ती वर्गाची वेळ.

"मानसिंगराव, लीलाताई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत की. म्हणजे? तुमच्याकडंच आहे ना ती?"

"आज आल्या नाहीत. रोज सगळ्यांच्या आधी येतात. अपूर्णांक तर त्या बाकीच्यांना शिकवतात. म्हटलं ताप आला की काय. बायकांना उजळणी लावून दिली आणि आले."

पाटी घेऊन गेली होती. पुस्तक घेऊन गेली होती. कुठं गेली? कुणाकडं गेली? एक सबंध तास एक बाई करील काय?

"आत्याजवळ जरा बसा," मी चंदनबालाताईंना म्हणालो आणि पायात काही न घालता बाहेर पडलो.

मागून आत्या म्हणाली, "नदीकडं बघ रं."

घाटाच्या पायरीवर हंबीरराव काठी आडवी धरून उभे होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू. वहिनी हाईत."

"काय करताहेत?"

"मी इचारलं. बघतेय म्हणाल्या. पूल का, म्हणलं, तर न्हाई म्हणाल्या. तवापासनं मी हितं हुबा हाय, कुनाला खाली सोडत न्हाई."

मी त्यांच्या काठीखालून वाकून गेलो. लीला माझ्या दगडावर बसली होती. दगड तिनं पुन्हा मूळच्या जागी सरकवला होता. पाटीपुस्तक बाजूला, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. हातात काही नव्हतं. मी लग्नापासून तिचे हात असे पाहिले नव्हते; ते कुणाचे आहेत हे क्षणभर कळलं नाही.

"लीला! वर्ग?"

"उद्या जाते."

"आणि आज?"

"आज बसलेय."

"कशासाठी?" मी ओरडलो, आणि हा आवाज माझा नसून हंबीररावांचा आहे असं मला वाटलं. पण तो माझाच होता.

ती वळली नाही. पलीकडच्या काठावर कुणीतरी काहीतरी धूत होतं, तिकडं ती बघत होती.

"चल घरी," मी म्हणालो. "वेळ झाली."

"अजून न्हाई झाली."

मी खिशातून घड्याळ काढलं. मग भिंतीवरचं मनात आणून एक तास वजा केला. मग दोन्ही सोडून दिली आणि विचारलं, "कुठल्या टाईमानं?"

"माझ्या," ती म्हणाली.